माइनक्राफ्ट : उघड्या ट्रॅपडोरवर पाय टाकणारे झॉम्बी. बग म्हणायचा की नियम?

पाऊलवाट

सुट्टीत अकरा वर्षांची भाची राहायला आली आहे. रात्रीची जेवणं उरकली की आम्ही दोघं माइनक्राफ्टला बसतो. लॅपटॉपवरची जावा आवृत्ती, १.२०, सर्व्हायव्हल. शेताला हाडांची भुकटी आणि टीएनटीला गनपावडर कायम कमी पडते, म्हणून मॉब फार्म (गेममधले जीव, म्हणजे मॉब, उगवायला लावून त्यांच्याकडून सामान मिळवायचं बांधकाम) बांधायला घेतला. समुद्रावर उंच टॉवर, आत अंधाऱ्या खोल्या, मधोमध खड्डा आणि खड्ड्याखाली २२ ब्लॉकची पडझड. पहिल्या तीन ब्लॉकचा मार लागत नाही, पुढे ब्लॉकमागे एक प्राण जातो. झॉम्बी, सांगाडा, क्रीपर तिघांचेही प्राण २०. म्हणजे खाली पोचतो तो एका प्राणावर, आणि एक-दोन बुक्क्यांत काम होतं.

बांधून झालं. भाचीला खाली थांबवून मी एका खोलीच्या भिंतीला काच लावून लांबून बघत बसलो. सांगाडे आणि झॉम्बी खड्ड्याच्या काठापर्यंत येतात, थबकतात आणि मागे फिरतात. एकही पडेना. मग एका व्हिडिओत पाहिलं की काठाला ट्रॅपडोर (जमिनीत आडवी बसणारी झडप) लावून ते उघडे ठेवायचे. तसं केलं. पाचव्या मिनिटाला पहिला झॉम्बी सरळ चालत आला, उघड्या ट्रॅपडोरवर पाय टाकला आणि खाली गेला.

मी खूश. भाची गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "मामा, त्याला ते उघडं आहे हे दिसतच नाहीये. आपण फसवतोय." आणि तिने वर जाऊन सगळे ट्रॅपडोर काढून टाकले.

दोन प्रश्न. झॉम्बीला खड्डा कळतो, मग उघडा ट्रॅपडोर का कळत नाही? आणि हा बग असेल तर तो वापरणं योग्य आहे का? दुसऱ्याचं उत्तर मला तिला द्यायचं आहे, त्यामुळे मनापासून लिहा.

रानजाई

माझं मत: बग आहे. झॉम्बी मूर्ख असावा हे ठीक, पण पायाखाली जमीन आहे की नाही इतकं तरी कळावं. तुमची भाची बरोबर आहे.

दगडफोड्या

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, जरा लांब आहे.

मॉब पुढे बघत बघत चालत नाही. निघण्याआधीच गेम त्याच्यासाठी वाट आखतो. त्यासाठी आसपासच्या प्रत्येक जागेवर एक शिक्का मारला जातो: चालण्याजोगी, मोकळी हवा, कुंपण, पाणी, लाव्हा, आग वगैरे. प्रत्येक शिक्क्याचा भाव ठरलेला असतो आणि त्यातली स्वस्तात स्वस्त वाट तो धरतो.

आता खड्डा. काठापलीकडे 'मोकळी हवा' असा शिक्का लागतो. हवा दिसली की गेम खाली खाली उतरत जमीन शोधतो. कुणाच्या मागावर नसलेला मॉब तीन ब्लॉकपेक्षा खोल उडी घेत नाही, म्हणून ती वाट रद्द होते. तुमचे सांगाडे काठावरून मागे फिरले ते यामुळे. त्याला तुम्ही दिसला असतात तर हिशेब बदलला असता. तेव्हा किती खोल उडी घ्यायची ते उरलेल्या प्राणांवर आणि डिफिकल्टीवर ठरतं.

ट्रॅपडोरला मात्र स्वतःचा वेगळा शिक्का आहे, आणि गंमत म्हणजे तोच शिक्का पाण्यावरच्या कमळपानाला आणि मोठ्या ड्रिपलीफलाही लागतो. तो 'हवा' नाही, त्यामुळे खाली जमीन शोधायची वेळच येत नाही. ट्रॅपडोर उघडा की बंद हे विचारलंच जात नाही. वाट आखली जाते, मॉब चालू पडतो आणि पाय टाकल्यावर गुरुत्वाकर्षण आपलं काम करतं.

आता दारांचं बघा. तिथे उघडं दार, बंद लाकडी दार आणि बंद लोखंडी दार असे तीन वेगळे शिक्के आहेत. म्हणजे हा भेद करता येत नाही असं नाही. ट्रॅपडोरसाठी तो केलेला नाही, एवढंच.

रानजाई

@दगडफोड्या, म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. दाराला केलं, ट्रॅपडोरला राहून गेलं. राहून गेलेल्या गोष्टीलाच आपण बग म्हणतो.

दगडफोड्या

राहून गेलं की मुद्दाम सोडलं, हे मला बाहेरून सांगता येणार नाही. एक कारण समजू शकतं. गेमला एका सेकंदात २० टिक (हिशेबाच्या फेऱ्या) करायचे असतात, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात सगळ्या मॉबच्या वाटा, वाहतं पाणी, रेडस्टोन (गेममधली वीज), वाढणारं पीक सगळं बसवायचं. जास्तीच्या प्रत्येक चौकशीला वेळ लागतो. पण दारांची चौकशी परवडते तर ही का नाही, या तुमच्या प्रश्नाला ते पुरेसं उत्तर नाही, हे मान्य.

निशाचर

वर्षानुवर्षं हे असंच आहे आणि कितीतरी फार्म यावर उभे आहेत. उद्या मॉब ट्रॅपडोर उघडा की बंद ते ओळखायला लागले तर किती लोकांचे टॉवर एका रात्रीत ओस पडतील याचा विचार करा. माझा पहिला टॉवर मी बारावीच्या परीक्षेनंतर बांधला होता, त्याच जगात अजून खेळतो. तो बंद पडला तर मला खरंच वाईट वाटेल.

चिंचगूळ

रानजाई, चूक म्हणून काढून टाकायचं ठरवलं तर क्रीपरपासूनच सुरुवात करावी लागेल. २००९ मध्ये नॉचला, म्हणजे गेमच्या निर्मात्याला, डुक्कर बनवायचं होतं. मॉडेलमध्ये लांबी आणि उंचीच्या आकड्यांची अदलाबदल झाली आणि चार आखूड पायांवर उभं धड असलेलं ध्यान तयार झालं. त्याने ते फेकून दिलं नाही, हिरवं केलं आणि पेटून फुटायला लावलं. आज ज्याने माइनक्राफ्ट कधी उघडलंही नाही त्यालाही तो चेहरा ओळखता येतो.

दुसरं उदाहरण कुंपणाचं. कुंपणाच्या एका खांबावर गालिचा टाका. आपण त्यावरून उडी मारून आत-बाहेर करू शकतो, पण गायी-मेंढ्या आणि झॉम्बी त्या वाटेने येत नाहीत, कारण त्यांच्या हिशेबात तिथे कुंपणच आहे. ही युक्ती मी माझ्या मुलाला शिकवली तेव्हा आपण कुणाला फसवतोय असं दोघांच्याही मनात आलं नाही. मग ट्रॅपडोरच्या वेळी का यावं?

रानजाई

कारण गालिच्याने कुणी मरत नाही.

खडूफळा

रानजाईंच्या या एका ओळीपाशी थांबले. मी पाचवी-सहावीला शिकवते. या वयाची मुलं न्याय-अन्यायाच्या बाबतीत आपल्यापेक्षा कडक असतात. लहानपणी डबा ऐसपैस खेळताना आठवतंय का, सगळ्यात मोठं भांडण कशावरून व्हायचं? कुणी सदरे बदलून बाहेर यायचं आणि राज्य असलेला चुकीचं नाव घ्यायचा. मग वाद: सदरा बदलणं चालतं की नाही? आमच्या वाड्यात चालायचं, पलीकडच्या आळीत चालायचं नाही. पण खेळ सुरू व्हायच्या आधी ते ठरलेलं असायचं, आणि ज्याच्यावर राज्य आहे त्यालाही माहीत असायचं.

तुमच्या भाचीला खुपतंय ते हेच असावं. झॉम्बीला कुणी सांगितलेलं नाही. तिला "अगं, गेमच आहे" असं म्हणू नका. तिने विचारलेला प्रश्न चांगला आहे आणि तो तिच्याजवळ राहू द्या.

पाऊलवाट

@खडूफळा, "गेमच आहे" हे माझ्या तोंडून काल निघून गेलं होतं. आज सकाळी तिला दगडफोड्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. दारांना तीन शिक्के आणि ट्रॅपडोरला एकच, हे ऐकल्यावर तिने वहीत तक्ता काढला. आता विचारतेय की कोळ्याला भिंतीचा कुठला शिक्का लागतो.

सातबारा

माझं रोजचं काम जमिनीच्या वादांचं, त्यामुळे मला हा धागा वाचताना वहिवाटच आठवत होती.

एखाद्याच्या शेतातून लोक जायला लागतात. सुरुवातीला ती चूकच असते. मालकाने हटकलं नाही, लोक उघडपणे, कुणाची परवानगी न घेता, हक्काने जात राहिले, पलीकडच्यांनी त्या वाटेच्या भरवशावर विहीर खणली, गोठा बांधला. भारतीय वहिवाट कायदा १८८२ चा. त्यात खंड न पडता २० वर्षं असा वापर झाला तर तो हक्क होतो. मग मालक उठून काटे टाकू शकत नाही.

माइनक्राफ्टमध्येही हेच होतं असं मला दिसतं. मॉबच्या डोक्यातली ही त्रुटी जुनी आहे, उघड आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि तिच्या भरवशावर लोकांनी बांधकामं केली आहेत. सुरुवात चुकीने झाली का हा प्रश्न आता गौण आहे.

निशाचर

सातबारा, अगदी हेच मला म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते. याचं उत्तम उदाहरण पिस्टन, म्हणजे वीज मिळाली की पुढचा ब्लॉक ढकलणारा ब्लॉक. जावामध्ये पिस्टनच्या वरच्या रिकाम्या जागेला वीज पोचली तरी पिस्टन हलतो. कारण पिस्टनचा कोड दाराच्या कोडवरून घेतलेला. दार दोन ब्लॉक उंच, त्यामुळे त्याच्या वरच्या अर्ध्यालाही वीज चालते. पिस्टनला वरचा अर्धा नाही, तरी तो तिथली वीज मानतो. रेडस्टोनवाल्यांनी याला नाव दिलं, क्वासी कनेक्टिव्हिटी, आणि त्यावर अख्खी यंत्रं बांधली. बगच्या अधिकृत यादीत याच्यापुढे 'हेतूनुसार चालू आहे' असा शेरा आहे. बेडरॉक (मोबाइल-कन्सोलवरच्या) आवृत्तीत हे नाही, म्हणून जावाची कितीतरी यंत्रं तिथे चालत नाहीत.

कावळा१२

वहिवाटीचा दाखला मला पटला नाही. वहिवाटीत ज्याची जमीन त्याला निदान हटकायची संधी असते. आणि प्रत्येक जुना बग हक्क होत नाही. १.१३ पर्यंत झॉम्बीची पिल्लं उन्हात जळत नव्हती. मोठा झॉम्बी पहाटे पेटायचा आणि पिल्लू दिवसभर आपल्या मागे पळायचं. त्याच्यावरही लोकांनी सवयी बसवल्या होत्या. तरी बदललं, आणि बरंच झालं.

१.१८ मध्ये तर मुळातच नियम बदलला. आधी ब्लॉकचा उजेड ७ किंवा कमी असला की शत्रू उगवायचे, आता ० लागतो. मशालींच्या रांगा लावून बसलेल्या आम्हा लोकांची सवय एका झटक्यात जुनी झाली. कुणी हक्क सांगितला नाही.

सातबारा

@कावळा१२, बरोबर, पण उजेडाच्या बदलाने आपला फायदा झाला. फायद्याच्या बदलाविरुद्ध दावा कोण लावेल? पिल्लांच्या मुद्द्यावर मात्र तुमचं म्हणणं घेतो. त्या त्रुटीच्या आधारावर कुणी विहीर खणलेली नव्हती. माझी कसोटी तीच राहील: त्यावर किती जणांनी काय बांधलं.

चिंचगूळ

अवांतर: नेदरमधल्या (गेममधल्या पाताळातल्या) झॉम्बिफाइड पिगलिनचं, त्या डुकरासारख्या झॉम्बींचं, काय करायचं? परवा मुलाची तलवार चुकून एकाला लागली आणि सगळा कळप धावून आला. आम्ही मेलो, सामान गेलं. परत गेलो तर तेच पिगलिन शांतपणे फिरत होते. हाही बग का?

दगडफोड्या

नाही, हा ठरवलेला नियम आहे. एकाला मारलं की आसपासचे सगळे चिडतात. १.१६ पासून गेमरूलमध्ये (जगाच्या नियमांच्या सेटिंगमध्ये) दोन कळी आहेत: एक, खेळाडू मेला की चिडलेल्यांनी माफ करायचं, ती मुळात चालू असते, म्हणून तुम्ही परतलात तेव्हा ते शांत होते. दुसरी, चिडलेल्याने कुठल्याही खेळाडूवर राग काढायचा. ती मुळात बंद असते. मुलाला सांगा, तिथे तलवार बाजूला ठेवून फावडं किंवा धनुष्य धरायचं, म्हणजे जवळचा चुकीचा फटका बसणार नाही.

चिंचगूळ

फावड्यानेही लागतं हो. पण कळलं, धन्यवाद.

खाडीपलीकडे

सर्व्हरवर खेळणाऱ्यांची बाजू कुणी मांडली नाही. आम्ही पंचवीस-तीस जण एका छोट्या सर्व्हरवर खेळतो. सगळ्यांनी मिळून बाजार मांडला होता, हिऱ्यांत व्यवहार. एकाने टीएनटीची नक्कल करणारं यंत्र लावलं, दुसऱ्याने वाळूची. महिन्याभरात निम्मी दुकानं रिकामी. जे खणून, वेचून विकायचे त्यांच्याकडे कुणी फिरकेना. दोन जण खेळ सोडून गेले, त्यातली एक माझी चांगली मैत्रीण होती.

मग आम्ही बसून ठरवलं: वस्तूंची नक्कल करणारा बग बंद, मॉबच्या वागण्याचा बग चालेल. कारण मॉबला खड्ड्यात पाडलं तरी त्याला उगवावं लागतं, चालावं लागतं, मरावं लागतं. नक्कल मात्र शून्यातून येते. पेपर नावाचं जे सर्व्हर सॉफ्टवेअर बरेच जण वापरतात, त्यातही पिस्टनवाली नक्कल मुळातच बंद असते, मालकाला हवी तर चालू करता येते. ट्रॅपडोरची युक्ती तिथे चालते. ही रेघ मला योग्य वाटते.

रानजाई

@खाडीपलीकडे, ही रेघ मला पहिल्यांदाच पटण्यासारखी वाटली. मी अजूनही याला बगच म्हणेन. पण तुमच्या दोन बगांमध्ये फरक आहे हे मानते.

पाऊलवाट

आजची खबर. भाचीने स्वतःहून ट्रॅपडोर परत लावले. का ते नंतर लिहितो, कारण आता वेगळीच अडचण आहे.

खाली उभं राहून खूप वेळ थांबलो, फार कमी मॉब येत होते. मग एका व्हिडिओप्रमाणे टॉवरच्या ६० ब्लॉक वर काचेची खोली बांधली आणि तिथे बसलो. उगवतात भरपूर, एफ-३ (गेमची आतली माहिती दाखवणारा पडदा) लावून आकडा बघितला. पण पडत नाहीत. दुर्बिणीतून पाहिलं तर सगळे पुतळ्यासारखे उभे. ट्रॅपडोर समोर आहे, कुणी पाऊल टाकत नाही. आता हा कुठला बग?

दगडफोड्या

हा बग नाही. तुम्ही फार लांब बसला आहात.

तीन अंतरं लक्षात ठेवा. खेळाडूपासून २४ ब्लॉकच्या आत शत्रू उगवत नाहीत. १२८ च्या पलीकडे तत्काळ नाहीसे होतात. आणि तिसरं, जे कुणी सांगत नाही: ३२. खेळाडू ३२ ब्लॉकच्या आत नसेल तर मॉबचं एक आतलं घड्याळ चालू होतं. ते १०० टिकवर, म्हणजे पाच सेकंदांवर गेलं की तो उगाच भटकणं बंद करतो. ६०० टिकनंतर तो कधीही नाहीसा होऊ शकतो. तुमचा टॉवर त्यांच्या भटकण्यावर चालतो. ६० ब्लॉक वर बसून तुम्ही भटकणंच बंद पाडलंत.

व्हिडिओतला टॉवर बहुधा पाण्याने ढकलणारा असेल. तिथे मॉबने स्वतः चालायची गरज नसते, त्यामुळे लांब बसलेलं चालतं.

मारायच्या जागी उभे राहिलात तर सर्वात खालची खोली तुमच्यापासून २२-२३ ब्लॉकवरच येते, त्यामुळे तिथे मधोमध काही उगवत नाही. पडझड आहे तशीच ठेवा. तुम्ही आणखी चार-पाच ब्लॉक खाली बसा, आणि मॉब मारायच्या वेळी वर या. खोल्यांचे मजले २४ ते ३२ च्या पट्ट्यात बसले पाहिजेत.

निशाचर

आणि आसपासच्या गुहा उजळा! एका वेळी एका खेळाडूसाठी सुमारे ७० शत्रूंचीच मर्यादा असते. समुद्रावर असलात तरी तळाखालच्या गुहांत ते उगवतात आणि तुमचा कोटा खातात. माझ्या टॉवरचं उत्पन्न मशालींनी जेवढं वाढलं तेवढं दुसऱ्या कशाने नाही.

कावळा१२

निशाचरशी सहमत. किंवा समुद्रावर टॉवर अजून उंच न्या, म्हणजे गुहा १२८ च्या बाहेर जातील. दगड जास्त लागतो, पण मशाली घेऊन अंधारात फिरणं वाचतं. लहान मुलीबरोबर खेळताय तर हेच करा.

पाऊलवाट

उंच नेला. नवीन टॉवर, तळ समुद्रापासून १४० वर. दोघांनी मिळून चार रात्री दगड वाहिला. मारायच्या जागेच्या पाच ब्लॉक खाली बसायला ओटा केला. आता एकामागून एक पडतात. पहिल्या तासात हाडांची एक अख्खी पेटी भरली.

@रानजाई, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. भाची ट्रॅपडोर लावायला तयार झाली ती खडूफळांच्या डबा ऐसपैसमुळे. "राज्य असलेल्याला आधी माहीत असायला पाहिजे ना? मग आपण सांगू." तिने प्रत्येक खोलीत, खड्ड्याकडे तोंड करून भिंतीवर एक पाटी लावली आहे: "पुढे उघडं आहे. जपून." चार खोल्या, चार पाट्या. एक क्रीपर पाटीसमोर बराच वेळ उभा होता. ती श्वास रोखून बघत होती. मग तो वळला आणि दुसऱ्या बाजूने पडला.

रानजाई

तिला माझा नमस्कार सांगा. माझी हरकत मागे घेते.

खडूफळा

पाटी अंधारात दिसते का पण? नाहीतर सांगितलं असं होणार नाही.

पाऊलवाट

तिनेही हाच प्रश्न काढला. ग्लो स्क्विडची (गेममधल्या चमकणाऱ्या माकुळाची) शाई लावली, अक्षरं चमकतात. त्या शाईने उजेड पडत नाही, त्यामुळे मॉब उगवायला अडथळा नाही; तिने आधी एफ-३ लावून शून्य आहे याची खात्री केली आणि मगच बाकीच्या तीन पाट्यांना शाई लावली.